मधल्या वारांचं पुणे

नोकरीत असताना फिरणं, नाटक, गाणं हे सगळं शनिवार-रविवारी उरकावं लागतं. निवृत्तीनंतरही बहुतेकांचा तोच क्रम चालू राहतो. रविवारी गर्दीत रांगा लावायच्या, हॉटेलात टेबल मिळायची वाट बघायची आणि मंगळवार-बुधवार घरात पेपर उलटसुलट वाचत काढायचे. हा क्रम मोडायला हवा. निवृत्त माणसाला पेन्शनबरोबर मंगळवार, बुधवार आणि गुरुवार मिळालेले असतात. पुण्यात या तीन वारी सकाळी दहा वाजता संग्रहालयात शांतता असते, एसटीत खिडकी मिळते आणि देवळात दर्शनाला रांग नसते. आठवड्याची आखणी या वारांभोवती करावी आणि शनिवार-रविवार नोकरदारांना मोकळे सोडावेत.

आखणी साधी ठेवा. आठवड्यात एकच मोठा दिवस असावा, म्हणजे गावाबाहेर जाऊन संध्याकाळपर्यंत परत येण्याचा. दोन सकाळी शहरातल्या शहरात आणि एक किंवा दोन संध्याकाळी नाटकाला, गाण्याला किंवा व्याख्यानाला. बाकीचे दिवस बँक, दवाखाना, नातवंडांची शाळा आणि निव्वळ विश्रांती यांसाठी रिकामे राहू द्या. मोठ्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नये, हा एक नियम मात्र कसोशीने पाळावा. साठीपासष्टीनंतर थकवा त्या दिवशी जाणवत नाही, तो दुसऱ्या दिवशी दुपारी गाठतो. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने पाच कार्यक्रम ठरवणारे बरेचदा तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घरात बसलेले दिसतात.

आखणी रविवारी संध्याकाळी करावी, कागदावर करावी. पुण्याच्या मराठी वर्तमानपत्रांत शहरातल्या कार्यक्रमांचं सदर असतं आणि नाटकांच्या जाहिराती असतात. दोन्ही बघून आठवड्याचे कार्यक्रम एका कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. त्याचा दुहेरी उपयोग होतो. मुलगा-सून, मुलगी-जावई यांना तुम्ही कोणत्या दिवशी घरी नाही हे आधी कळतं आणि नातवाला शाळेतून आणायची जबाबदारी ऐनवेळी तुमच्यावर येत नाही. नातवंडं सांभाळणं आनंदाचंच काम आहे, पण आठवड्यातला एक दिवस आपला आहे हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं. न सांगता त्यांना ते समजेल अशी अपेक्षा धरू नये.

आता शहरातल्या सकाळींकडे वळू. मेट्रो सुरू झाल्यापासून जुन्या पेठांत जाणं ज्येष्ठांसाठी खूप सोपं झालं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही दोन स्थानकं थेट जुन्या शहराच्या पोटात आली. स्थानकांवर लिफ्ट आहे, डब्यात थंडावा आहे आणि गाडी लावायला जागा शोधायची कटकट नाही. शनिवारवाडा आणि कसबा गणपतीसाठी कसबा पेठेला उतरावं. तुळशीबाग, विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालयासाठी मंडईला.

राजा दिनकर केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे, म्हणजे खरं तर पाहिलेलं नाही. चाळीस मुलांच्या रांगेतून काही दिसत नाही. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. त्यांनी गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू जमवल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. इथे तलवारी आणि तोफा शोधत फिरू नका. वज्री बघा. पाय घासायची साधी वस्तू, पण तिच्यावर मोर आहे, जोडीने बसलेले पक्षी आहेत. अंघोळीच्या वेळी टाचा घासायच्या वस्तूवर कुणा अनाम कारागिराने इतका जीव लावला आहे. अडकित्त्यांचंही तसंच, दिव्यांचंही तसंच. आपल्या पिढीने आजीच्या हातात यातल्या कितीतरी वस्तू पाहिलेल्या आहेत, त्यामुळे इथे माहितीच्या पाट्यांपेक्षा आपली आठवण जास्त कामाला येते. इमारत मजल्यांची आहे आणि जिने चढावे लागतात. म्हणून एका भेटीत एकच मजला, फार तर दोन दालनं, आणि सव्वा तासात बाहेर. पुढच्या महिन्यात पुन्हा या. सगळं एकदम बघून टाकायची घाई सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला असते, तुम्हाला ती नाही.

दुसरी सकाळ आगाखान पॅलेसला द्यावी. वनाज-रामवाडी मार्गावर कल्याणीनगर स्थानकाला उतरून पुढे रिक्षा करावी. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात गांधीजी इथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी इथेच गेले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. बरेच लोक वाड्यासमोर फोटो काढून परततात. तुम्ही मात्र आधी समाधीपाशी जा, थोडा वेळ बसा आणि मग खोल्या बघा. आवार मोठं, झाडीचं आणि सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही इथे त्रास होत नाही.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर ही तिसरी जागा. आठव्या शतकातलं, एकसंध कातळात कोरलेलं शिवमंदिर भर रहदारीच्या रस्त्यालगत आहे आणि रोज त्यावरून जाणारे हजारो लोक आत डोकावत नाहीत. पुढचा गोल नंदीमंडप मुद्दाम चारी बाजूंनी फिरून बघावा. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या ज्यांना झेपतात त्यांनी त्या पहाटे चढाव्यात. ज्यांना झेपत नाहीत त्यांनी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावं. जपानी पद्धतीच्या त्या बागेत पाणी, पूल आणि बसायला जागा आहे. पुण्यात एक सकाळ भरेल अशी ठिकाणं आणखी कितीतरी आहेत, सगळ्यांची यादी द्यायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात आणि निघण्याआधी एक फोन केला की हेलपाटा वाचतो.

वाचनाची आवड असेल तर दोन सकाळींपैकी एक कायमची ग्रंथालयाला बांधून टाका. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालापासून चालू आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी सुरू केलं, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ ची. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकरमध्ये १९१९ साली हाती घेतली गेली आणि १९६६ साली पूर्ण झाली, जवळजवळ अर्धं शतक ते काम चालू होतं. या संस्था फक्त विद्वानांसाठी आहेत असं समजून लोक फाटकातूनच परत जातात. व्याख्यानं आणि ग्रंथप्रदर्शनं सर्वांना खुली असतात. आत जाऊन कार्यालयात सरळ विचारा, कोणी हाकलत नाही.

मोठ्या दिवसासाठी माझी पहिली पसंती वाईला आहे. पुण्यापासून अंतर सुमारे नव्वद किलोमीटर, स्वारगेटहून एसटी, महामार्गाने खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळायचं. सकाळी सातच्या सुमाराला निघालात तर दहापर्यंत कृष्णेच्या काठावर असता. ढोल्या गणपतीच्या देवळात दर्शन घेतल्यावर लगेच बाहेर पडू नका. देवळाच्या मागे जाऊन भिंत बघा. नदीच्या प्रवाहाकडची ती भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे, म्हणजे पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ कृष्णेचे इतके पूर अंगावर घेऊन अजून उभं आहे. आपल्याकडच्या देवळात आपण मूर्तीकडे बघतो, कळसाकडे बघतो, पण गवंड्याच्या अकलेकडे बघायला कोणी शिकवत नाही. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, त्याच्यापुढचा काळा गुळगुळीत नंदी हात फिरवून बघावा.

तिथून तीनएक किलोमीटरवर मेणवली. रिक्षा करा, जायची-यायची आणि थांबायची एकत्र ठरवून. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेत उतरणारा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि घाटावरच्या छोट्या देवळात एक प्रचंड घंटा. घंटेवर माता मेरी आणि बाळ येशू आहेत. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात. पाण्यापर्यंत उतरलंच पाहिजे असा हट्ट करू नका, वरच्या टप्प्यावर सावलीत बसूनही सगळा घाट दिसतो. वाईत परतून जेवा, गावातून चालताना मराठी विश्वकोशाचं काम याच छोट्या गावातून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं हे आठवा आणि तीनची गाडी धरा. दिवेलागणीच्या आत घरी.

वाई लांब वाटत असेल तर सोलापूर रस्त्याने थेऊरला जा. चिंतामणीचं दर्शन तर आहेच, पण थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी इथेच वारले, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. देवळाच्या आवारात फिरताना हे माहीत असलं की थेऊर वेगळं दिसतं. हिवाळ्यात याला एक जोड देता येते. त्याच रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीला मुळा-मुठेच्या पात्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी उतरतात. केशरी अंगाचे चक्रवाक, रुंद चोचीचे थापटे, लांब गुलाबी पायांचे शेकाटे. नदीच्या पाण्याला वास आहे आणि तो जाणवतो. तरीही उजाडता उजाडता तिथे पोहोचणाऱ्याला जे दिसतं त्यासाठी नाकाला रुमाल लावून उभं राहावं. यासाठी मात्र बसचा भरवसा नको, चौघांनी मिळून गाडी करावी.

आळंदीला आणि देहूला पीएमपीच्या बस जातात. एकादशी टाळा, कार्तिकातली यात्रा तर टाळाच, आणि एखाद्या साध्या बुधवारी जा. ज्ञानेश्वरांच्या समाधीपुढे घाईत ढकलले न जाता उभं राहायला मिळणं हे भाग्य मधल्या वारीच लाभतं. भाज्याची लेणी पाहायची असतील तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरून जाता येतं. दुपारच्या वेळी लोकलच्या फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. कार्ल्याचं चैत्यगृह फार देखणं आहे, पण पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी भाजेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करावं.

प्रवासाच्या सवलती माहीत असूनही संकोचाने न वापरणारे लोक आहेत. एसटीत पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं आहे आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे. महिलांना तर मार्च २०२३ पासून वयाची अट न लावता निम्मं तिकीट आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड हाताशी असू द्या. पीएमपीचा ज्येष्ठांसाठी सवलतीचा पास मिळतो, तो काढून ठेवला की दर वेळी सुट्टे पैसे शोधावे लागत नाहीत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली. ज्यांना ती परत हवी आहे त्यांनी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे मागणी लावून धरावी.

संध्याकाळींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच बरेच ज्येष्ठ माघार घेतात. रात्री साडेनऊचा प्रयोग संपायला बारा वाजतात, मग रिक्षा मिळत नाही, झोप मोडते आणि दुसरा दिवस जातो. म्हणून संध्याकाळी पाच-साडेपाचचा प्रयोग धरा. बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, यांपैकी घराजवळचं एक निवडा आणि तिथेच जात राहा. तिकीट काढताना बाल्कनी टाळा आणि कडेची खुर्ची मागून घ्या, म्हणजे मध्ये उठावं लागलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. तिसरी घंटा होण्याआधी पंधरा मिनिटं जागेवर असावं, अंधारात पायऱ्या उतरताना पडल्याची उदाहरणं कमी नाहीत. वेगळं काही बघायची तयारी असेल तर शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर जा. छोटी जागा, समोर हाताच्या अंतरावर नट, आणि नवे लेखक. तरुण मुलांची नाटकं आपल्याला कळणार नाहीत हा ग्रह तिथे लवकर निवळतो.

व्याख्यानांचं तर पुणं माहेरच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे या काळात भरते, टिळक रस्त्यावर. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या सभागृहातही वर्षभर कार्यक्रम असतात. बहुतेकांना प्रवेशशुल्क नसतं आणि बऱ्याचदा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. कृपा करून पुढच्या रांगेत बसा. ऐकू कमी येत असेल तर ते गरजेचंच आहे, आणि वक्त्यालाही समोर माणसं दिसली की बोलायला हुरूप येतो.

डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवाला पाचही दिवस पूर्णवेळ बसणं हा तरुणपणीचा पराक्रम ठीक होता. आता कार्यक्रमपत्रिका बघून दोन दिवस निवडा, भारतीय बैठकीऐवजी खुर्ची घ्या, स्वेटर आणि कानटोपी न्या. उघड्यावरच्या थंडीत तीन तास बसून छाती भरली की उरलेला महिना खोकण्यात जातो.

पिशवीत काय असावं तेही सांगून टाकतो. पाण्याची बाटली, दुपारच्या गोळ्या, मधुमेह असेल तर खडीसाखर किंवा बिस्किटं, टोपी, आणि एका कागदावर आपलं नाव, रक्तगट, चालू औषधं, घरच्या दोघांचे फोन नंबर. तो कागद पाकिटात ठेवा, कारण कुलूपबंद मोबाईलमधला नंबर वेळेला दुसऱ्याला सापडत नाही. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि त्या भीतीने पाणी पिणंही सोडू नये. एसटी स्थानक किंवा मेट्रो स्थानक सोडताना गरज नसली तरी स्वच्छतागृहात जाऊन यावं. लाजण्यासारखं यात काही नाही, आणि यामुळेच घराबाहेर न पडणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत.

बायकांवरून आणखी एक. नोकरीतून नवरा निवृत्त होतो, घर सांभाळणारी बायको होत नाही. मोठ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं म्हणून ती पाचला उठून पोळ्या लाटत असेल तर ती सहल तिच्यासाठी नाही. त्या दिवशी डबा नको, वाटेत पोहे खा, दुपारी खानावळीत जेवा आणि रात्रीची खिचडी नवऱ्याने टाकावी. आणि दर वेळी दोघांनी एकत्रच गेलं पाहिजे असंही नाही. एकाला इतिहासाचं व्याख्यान आवडतं, दुसऱ्याला एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीचं फुलांचं प्रदर्शन. आपापल्या जागी जावं आणि संध्याकाळी एकमेकांना सांगावं.

शेवटी एक विनंती. तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत जोडीदार गेल्यापासून घरातच बसलेलं कोणीतरी असेल. ‘कधीतरी या आमच्याबरोबर’ असं जिन्यात भेटल्यावर म्हणून ते येणार नाहीत. रविवारी कागद लिहाल तेव्हा त्यांना फोन करा आणि वार, वेळ, ठिकाण सांगा: ‘काका, गुरुवारी साडेनऊला खाली उभे राहा, केळकर संग्रहालयात जायचंय, तुमचं तिकीट मी काढतो.’ पहिल्यांदा नाही म्हणतील. पुढच्या रविवारी पुन्हा फोन करा.